सुतकातला वाढदिवस

माझा वाढदिवस एक नोव्हेंबरला असतो. बेळगावातल्या मराठी माणसाला एवढं सांगितलं की तो आधी "अरेरे" म्हणतो, मग हसतो आणि मग विचारतो, "घरात केक कापू देतात काय गं?" बाकीच्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून सांगतो. (हो, 'सांगतो'. आमच्याकडं पोरीपण मी आलो, मी गेलो असंच बोलतात, कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत तसंच आहे. पुण्यात सहा महिने नोकरी केली तेव्हा पीजीतल्या पोरी इतक्या हसल्या की मी लिहिताना गुपचूप 'गेले-आले' करायला लागले, पण आईशी फोनवर अजून 'मी जेवलो' असंच आहे. इथंपण मधे मधे घसरेन, चालवून घ्या.)

तर १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची भाषेवर वाटणी झाली आणि मुंबई राज्यातलं बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून आमच्याकडची मराठी माणसं हा काळा दिवस पाळतात. काळे कपडे, दंडाला काळी फीत, संभाजी उद्यानापासून मूक सायकल फेरी, शेवटी मराठा मंदिरात सभा. जुनी माणसं तर सरळ 'सुतक' म्हणतात. आणि त्याच दिवशी, त्याच गावात, चन्नम्मा सर्कलला राज्योत्सव असतो, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस, लाल-पिवळे कन्नड झेंडे, डॉल्बी, गल्ल्यागल्ल्यांतनं नाचत येणारी पोरं. म्हणजे गावाच्या एका अंगाला कुणी बोलत नाही आणि दुसऱ्या अंगाला कुणाला ऐकू येत नाही. ह्या दोन्हीच्या बरोबर मधे मी, फुगे मागणारी.

माझा जन्म १९९९ चा. आईला पहाटे कळा सुरू झाल्या, आजीनं तिला रिक्षातनं दवाखान्यात नेलं आणि पप्पांना म्हणाली, "तू जा, पहिलटकरणीला वेळ लागतंय, दुपारपर्यंत काय होत नाही." पप्पा सायकल घेऊन फेरीला. मी अकरालाच आले. मोबाईल कुणाकडं नव्हता, शेजारचे काका स्कूटर घेऊन पप्पांना शोधायला गेले, आता तुम्हीच सांगा, फेरीत शिरून विचारायचं काय, की काळा शर्ट घातलेला, सायकल धरलेला एक माणूस बघितला काय? तासाभरानं कुठंतरी टिळकवाडीच्या बाजूला सापडले. घामाघूम होऊन दवाखान्यात पोचले तर दारात आजी उभी. "ते अंगावरचं काळं काढ आधी. लक्ष्मी आलीया आणि हा काळं घालून आलाय." पप्पांनी तिथंच कॉरिडॉरमधे शर्ट काढला. मला पहिल्यांदा हातात घेतलं ते बनियनवर. आणि वर आणखी एक, त्या दिवशी नर्सबाईंच्या टेबलावर राज्योत्सवाचे पेढे होते, माझ्या जन्माचे म्हणून सगळ्यात आधी वाटले गेले ते तेच. पप्पा आजपण म्हणतात की मी तो पेढा खाल्लाच नव्हता. आई म्हणते, दोन खाल्ले.

लहानपणी माझी तक्रार राजकीय बिजकीय काही नव्हती. माझी तक्रार एवढीच की एक नोव्हेंबरला सुट्टी असते. शाळेत नवा ड्रेस घालून जायचं, बाईंनी पुढं बोलवायचं, मैत्रिणीला बरोबर घेऊन स्टाफरूममधे चॉकलेटं वाटायला जायचं, हे सगळं बाकीच्या पोरींना मिळायचं आणि मला दोन तारखेला, शिळं. घरी तर नियम असा होता की पप्पा फेरीतनं आल्याशिवाय केक कापायचा नाही, आणि पप्पा आले की सुतकात केक कसा कापायचा. त्यावर आजीनं काढलेला तोडगा असा, की दिवेलागण झाली की सुतक फिटलं. शास्त्रात असलं काही असेल असं वाटत नाही, पण आजीचं शास्त्र आजीचंच. मग संध्याकाळी दार लोटून घेऊन औक्षण, पाटाभोवती रांगोळी, सुपारी, अंगठी ओवाळून झाली की कॅम्पातल्या बेकरीचा केक. मेणबत्ती विझवायची नाही, दिवा विझवत नाहीत. फुगे आतल्या खोलीत.

पप्पांची ती सायकल अजून आहे. जिन्याखाली भिंतीला टांगलेली असते, वर्षभर तिच्यावर छत्र्या आणि पिशव्या. एकतीस ऑक्टोबरला संध्याकाळी ती खाली उतरते, तेल, हवा, एकदा गल्लीत फेरी, घंटी वाजते का बघायचं, मूक फेरीत घंटी कशाला लागते कुणास ठाऊक. मला लहानपणी वाटायचं की माझ्या वाढदिवसाची तयारी म्हणूनच ती काढतात.

आणि हे सांगायला पाहिजे, पप्पांचं उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक मिलिंग, हायड्रॉलिकचे पार्ट करून देतात. तिथं दिवसभर कन्नड चालते. कामगार कन्नड, गिऱ्हाईक कन्नड, पप्पा भावपण कन्नडमधे करतात आणि चिडतातपण कन्नडमधेच. माझी कन्नड तिथलीच, म्हणजे शिव्या आधी आल्या आणि 'कृपया' नंतर. बाहेरच्या माणसाला हे कळतच नाही, त्याला वाटतं आम्ही रोज उठून एकमेकांची डोकी फोडालोय. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस कुणाला कुणाची भाषा टोचत नाही, टोचते ती फक्त कागदावरची.

कागदावरनं आठवलं. आमच्या गावाचं नाव सरकारी कागदावर बेळगावचं 'बेळगावी' झालं ते १ नोव्हेंबर २०१४ ला, म्हणजे माझ्या पंधराव्या वाढदिवसाला. इतर पोरींना पंधराव्याला मोबाईल मिळतो, मला गावाचं नवीन नाव मिळालं. त्याचा त्रास मला नऊ वर्षांनी झाला, तोही जर्मनीत.

मी मास्टर्सला आखेनला आले, प्रॉडक्शन इंजिनिअरिंग, लेथच्या पोरीनं दुसरं काय करायचं. आल्या आल्या रहिवासाची नोंद करावी लागते, तिथं माझ्या जन्मदाखल्यावर बेळगाव आणि पासपोर्टवर बेळगावी. मी मनातल्या मनात १९५६ पासून सुरुवात करायची तयारी केली होती, जर्मनमधे, म्हणजे विचार करा. पण त्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाल्या की हे तर आमच्यासारखंच आहे, फ्रेंच लोक आमच्या गावाला एक्स-ला-शापेल म्हणतात, डच लोक आकन म्हणतात, आम्ही आखेन म्हणतो, गाव तेच. शिक्का मारला, झालं. बाहेर येऊन मी बाकावर बसले आणि मला का कोण जाणे थोडं रडू आलं. थंडीपण होती म्हणा.

तर असं माझं नशीब, एका सीमेवरनं उठून दुसऱ्या सीमेवर जाऊन बसले. आखेन जर्मनीच्या अगदी पश्चिम टोकाला आहे, सिटीबसनं पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही नेदरलँड्समधल्या फाल्स गावात उतरता, दुसरीकडं गेलात तर बेल्जियम. आणि मला फ्लॅटमेट मिळाली ती धारवाडची. कन्नड, पण आजोळ निपाणीचं, त्यामुळं मराठी येतं, तंबाखूच्या वखारीतलं खणखणीत मराठी. पहिल्या दिवशी आम्ही दोघी जरा जपूनच होतो. ती विचारू का नको करत होती आणि मी सांगू का नको. शेवटी तिनं विचारलं ते भलतंच, "कुंदा आणलीस काय?" मी म्हणलं, "तू पेढे आणलेस काय?" तिथनं पुढं ती मला 'बेळगाव' म्हणते आणि मी तिला 'धारवाड'. नावानं हाक मारली की समजायचं भांडण झालंय.

कुंदा भारी का पेढा भारी ह्यावर आम्ही जेवढं भांडलोय तेवढं सीमाप्रश्नावर कधीच नाही. माझं म्हणणं, पेढा कुठंपण मिळतो, कुंदा बेळगावलाच. तिचं म्हणणं, पेढ्याला जीआय टॅग आहे, म्हणजे धारवाडचाच म्हणून सरकारी नोंद. गंमत बघा, धारवाडचा पेढा आणला तो उत्तर प्रदेशातनं, उन्नावकडनं आलेल्या ठाकूर घराण्यानं, आणि आमचा कुंदा, दूध चुलीवर विसरलं आणि आटून गेलं त्यातनं झाला म्हणतात, तो एका मारवाडी हलवायाच्या हातनं. म्हणजे आम्ही दोघी ज्याच्यावर छाती फुगवून भांडालोय ते दोन्ही बाहेरनं आलेलं.

२०२४ साली कहर झाला. एक नोव्हेंबर शुक्रवारी आला, आणि त्याच दिवशी लक्ष्मीपूजन. म्हणजे काळा दिवस, राज्योत्सव, लक्ष्मीपूजन आणि माझा पंचविसावा, सगळं एकाच तारखेला. त्यात जर्मनीची भर. इथं आमच्या राज्यात एक नोव्हेंबर म्हणजे सर्व संतांचा दिवस, आल्लरहायलिगन, सरकारी सुट्टी. आणि साधी सुट्टी नाही, ह्याला 'शांत सुट्टी' म्हणतात, दुकानं बंद, दिवसा जाहीर नाचगाण्याला कायद्यानं बंदी, माणसं कबरस्तानात जातात, आपल्या माणसांच्या थडग्यावर फुलं ठेवतात, दिवे लावतात. हे कळलं तेव्हा मी पहिल्यांदा कॅलेंडरकडं बघत बसले. सात हजार किलोमीटर लांब आलो की नाही, तर इथंपण सुतकच.

जर्मन लोकांचे वाढदिवसाचे नियम आजीला आवडले असते. एक, दिवस उजाडायच्या आधी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, अपशकुन होतो. दोन, ज्याचा वाढदिवस त्यानंच केक आणायचा, त्यानंच खायला घालायचं. पहिल्या नियमाचा घोटाळा असा की एकतीसला संध्याकाळी साडेसातला आईचा फोन आला, कारण बेळगावात बारा वाजले होते. (चारच दिवस आधी इथली घड्याळं एक तास मागं केली होती, आईला ते पटतच नाही, "घड्याळ मागं करून काय होतंय, उठायचं तेव्हाच उठतात की माणसं" म्हणते.) लॅबमधला एक जर्मन पोरगा घरी आलेला होता, तो घाबराघुबरा होऊन हात हलवायला लागला, नको नको, अजून साडेचार तास आहेत! मग माझा जन्म बेळगावचा म्हणून बेळगावचं घड्याळ धरायचं का आखेनचं ह्यावर अर्धा तास चर्चा. आई फोनवर ताटकळत. पप्पा मागनं ओरडले, "तिला सांग, झोपालोय, सकाळी फेरी हाय."

रात्री बाराला धारवाड केक घेऊन आली. मी डोळे मिटलेले होते, उघडले आणि गप्प बसले. केक वरनं अर्धा पिवळा, अर्धा लाल.

मी तिच्याकडं बघितलं, तिनं केककडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं आणि मग तिच्या तोंडातनं बाहेर पडलं, "अय्यो." तिची शपथ अशी आहे की मँगोचा घ्यायचा होता, सुट्टीच्या आदल्या दिवशी दुकानात अर्धी माणसं आणि अर्धा माल उरलेला, मँगो-स्ट्रॉबेरीच शिल्लक होता. मी तिच्यावर विश्वास ठेवते. साधारण ऐंशी टक्के ठेवते. पण त्या एका क्षणाला माझ्या पोटात खरंच काहीतरी गोळा झालं, आणि ते झालं ह्याचीच मला जास्त लाज वाटली, मी स्वतःला फार मोकळ्या मनाची समजत होतो. पप्पांसारखी नाही, असं. आणि बघा, स्ट्रॉबेरीच्या जेलीनं माझी परीक्षा घेतली. मग ती हळूच म्हणाली, "हुट्टुहब्ब." कन्नडमधे वाढदिवसाला हुट्टुहब्ब म्हणतात, हुट्टु म्हणजे जन्म, हब्ब म्हणजे सण. आपल्याकडं नुसता दिवस वाढतो, त्यांच्याकडं सण होतो, शब्द त्यांचा भारी आहे, कबूल. मी केक कापला. लाल बाजूनं सुरुवात केली.

घरच्या ग्रुपवर फोटो टाकायची वेळ आली तेव्हा मी पाच मिनिटं विचार केला आणि फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून टाकला.

लॅबमधला तो पोरगा उत्तर जर्मनीचा. त्यानं माझ्यासाठी एक माळ केलेली, रिकाम्या खोक्यांची, औषधाची, चहाची, टूथपेस्टची खोकी दोरीत ओवून. तिकडं पंचविशीपर्यंत लग्न झालं नाही की बायकांना अशी खोक्यांची माळ घालतात म्हणे, कारण 'जुनं खोकं' म्हणजे त्यांच्या भाषेत लग्नाची राहिलेली बाई. पुरुषांना मोज्यांची माळ, 'जुना मोजा'. मी खूप हसले. मग आठवलं की दिवाळीला आत्याचा फोन यायचाय.

शुक्रवारी सकाळी लक्षात आलं की रात्री आठ माणसं जेवायला आहेत आणि घरात दही नाही, कोथिंबीर नाही, कांदे तीन. नियम क्रमांक दोन, खायला मीच घालायचं. भात येळ्ळूरच्या बासमतीचा, तो मी आईच्या हट्टापायी बॅगेतनं दोन किलो आणलेला, बाकी सगळं आणायचं होतं, आणि आखेन कडकडीत बंद. सुपरमार्केटला कुलूप. पाव मिळाला तर मिळाला. मग इथली सगळी माणसं अशा दिवशी करतात तेच आम्ही केलं, बस पकडली आणि फाल्सला गेलो. हॉलंडमधे एक नोव्हेंबरला सुट्टी नसते. एक रस्ता ओलांडला की संत संपतात. सुपरमार्केटमधे निम्मे आखेनकर, ट्रॉल्या भरून. सीमा कुठं लागली हे मोबाईलला कळलं, मला नाही, त्यावर मेसेज आला, वेलकम.

तिथनं वर डोंगरावर तीन देशांचा टोकाचा दगड आहे. डोंगर कसला, तीनशे बावीस मीटर, पण हॉलंडवाले त्यालापण त्यांचं सगळ्यात उंच ठिकाण म्हणून दाखवतात, आपला राजहंसगड बघितला तर चक्कर येईल. आमची बेल्जियमची मैत्रीण तिथं भेटणार होती. ती यूपेनची. यूपेन म्हणजे बेल्जियममधलं जर्मन बोलणाऱ्यांचं गाव. हे मला इथं येईपर्यंत माहीतच नव्हतं, की पहिल्या महायुद्धानंतर, १९२० ला, हा जर्मन बोलणारा पट्टा उचलून बेल्जियमला दिला. लोकांना विचारलं म्हणे, म्हणजे असं विचारलं की ज्यांचा विरोध असेल त्यांनी सरकारी वहीत येऊन नावानिशी सही करावी. जवळपास चौतीस हजार माणसांतनं सह्या आल्या २७१. हा आकडा ऐकून मी आणि धारवाड दोघी एकदम हसलो, कारण सरकारी वहीत नावानिशी विरोध करा म्हणजे काय हे समजायला जर्मन असायची गरज नाही.

ती आली सायकलवरनं. ओल्या पानांतनं, लाल नाकानं, हेल्मेट काढत. घरनं निघून दुसऱ्या देशाच्या टोकाला आली आणि तिला रस्त्यात कुणी काही विचारलं नाही. मला पप्पांची सायकल आठवली, हे सांगायला नकोच.

इथं सगळे भारतीय लोक फोटो काढतात, एक पाय जर्मनीत एक पाय बेल्जियममधे, आणि खाली लिहितात, सीमा माणसानं केल्यात, पक्ष्यांना नसतात वगैरे. मलापण पहिल्या वर्षी तसंच वाटलेलं, मी पप्पांना फोटो पाठवून तसलंच काहीतरी लिहिलंपण होतं. पप्पांनी त्यावर एकच प्रश्न विचारला, "त्या पोरीला घरपट्टीची नोटीस कुठल्या भाषेत येते?" मी तिला विचारलं. तिला प्रश्नच कळेना. जर्मनमधे, दुसऱ्या कुठल्या येणार? शाळा जर्मन, कोर्ट जर्मन, टॅक्सचे फॉर्म जर्मन, त्यांची स्वतःची छोटी पार्लमेंट आहे यूपेनमधे, माणसं मिळून ऐंशी हजारसुद्धा नाहीत, आणि जर्मन ही बेल्जियमच्या तीन राजभाषांपैकी एक. मग मी विचारलं, तुम्हाला परत जर्मनीत जावंसं वाटत नाही काय? ती म्हणाली, कशाला?

पप्पांना हे सांगितलं तर बराच वेळ फोनवर काही आवाज नाही. मग म्हणाले, "तसं असेल तर कशाला, बरोबर हाय तिचं." हे पप्पा बोलले. ज्यांचा अर्धा जन्म 'बेळगाव, कारवार, निपाणीसह' ह्या घोषणेत गेला ते पप्पा. मी त्याचा फार अर्थ काढत नाही, माणूस फोनवर थकलेला असतो. सुप्रीम कोर्टात सीमेचा दावा २००४ पासून आहे, मी तेव्हा चार-पाच वर्षांची होते, आता मी जुनं खोकं झाले. पंधरा टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यायचे असा नियम आहे हे आमच्याकडं पाचवीतल्या पोरालापण पाठ असतंय, आणि तरी आजी पेन्शनच्या फॉर्मवर अंगठा उठवायची तेव्हा कशावर उठवते ते तिला दुसऱ्यानं वाचून दाखवायला लागायचं. आजी मराठी सातवी पास होती. सही करायची. अंगठा तिनं कन्नड फॉर्मवरच उठवला, रागानं, "वाचायला येत नाही त्याच्यावर सही कशी करू" म्हणून. त्यामुळं त्या दगडापाशी उभं राहून पक्ष्यांचं बोलणं मला आता जमत नाही. इथली रेष पुसट झाली कारण रेषेच्या दोन्ही बाजूंना माणसाला आपला फॉर्म वाचता येतो. धारवाडला मी हे सांगितलं. ती लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली, बेंगळूरला बँकेत माझ्या आईला कन्नडमधे कुणी बोलत नाही, त्याचं काय? त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आम्ही कोथिंबिरीची पिशवी एकेक कान धरून खाली उतरलो.

आता संध्याकाळ. लक्ष्मीपूजन होतं, पणत्या नव्हत्या. पण धारवाडनं आठवडाभर आधीच बाजी मारून ठेवली होती, सुपरमार्केटमधे लाल प्लॅस्टिकच्या पेल्यातले सुंदर दिवे ढिगानं आले होते, वर सोनेरी झाकण, वारा लागत नाही, दोन दोन दिवस जळतात, आणि स्वस्त. तिनं दहा आणले. जर्मन लोकांना आमच्या दिवाळीचं एवढं कौतुक असेल असं वाटलं नव्हतं, असंपण म्हणाली. आम्ही आठ खिडकीत रांगेनं लावले, रस्त्यावरनं दिसतील असे. एक देवापुढं. आणि एक पेल्यातनं काढून स्टीलच्या ताटात ठेवून तिनं माझं औक्षण केलं. सुपारी नव्हती, अक्रोड ओवाळला. कन्नडमधे काहीतरी गुणगुणत होती, शेवटी मराठीत म्हणाली, "औक्षवंत हो, आणि भांडी तूच घास."

यूपेनवाली अंघोळ करून परत आली ती दारातच थबकली. खिडकीकडं बघितलं, देवाकडं बघितलं, ताटाकडं बघितलं. तिला हसावं का काय करावं कळेना. ती सांगायला सुरुवात करणार एवढ्यात बेल वाजली.

खालच्या मजल्यावरच्या आजीबाई. एरवी दहाच्या पुढं आवाज झाला की काठीनं छत वाजवणाऱ्या. आज हातात हात धरून, एकदम हळू आवाजात त्यांनी विचारलं, कोण गेलं?

मला वाटलं माझं जर्मन चुकतंय. धारवाडचं माझ्याहून वाईट, ती हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाली, वाढदिवस! आजीबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्या गळ्यातल्या खोक्यांच्या माळेकडं. मागनं यूपेनवालीनं एका दमात सगळं सांगितलं, त्यांना आणि आम्हाला एकदमच, की हे थडग्यावरचे दिवे आहेत, मेलेल्यांसाठी लावतात, म्हणून आत्ता दुकानात आले होते, आणि ह्या पोरींना माहीत नव्हतं, ह्यांच्याकडं आज दिव्यांचा सण आहे.

पंचविसाव्या वाढदिवसाला थडग्यावरच्या दिव्यानं ओवाळून घेतलेली मी बहुतेक बेळगाव जिल्ह्यातली पहिलीच. दारात आजी उभी असती तर काय म्हणाली असती ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं.

आजीबाई आत आल्या, दहा मिनिटं बसल्या. दुपारी नवऱ्याकडं जाऊन आले म्हणाल्या, नवऱ्याकडं म्हणजे कबरस्तानात. दिव्यांची रांग बघून म्हणाल्या की एवढे एकदम लावलेले आम्ही कधी बघितले नाहीत, आमच्यात एकेकाला एकेक असतो. कुंदा खाल्ला, मान हलवली, आणखी मागितला. धारवाडनं पेढा पुढं केला, तो नको म्हणाल्या. (हे मी इथं मुद्दाम लिहितोय.) जाताना त्यांनी विचारलं, ह्यातले दोन मी नेऊ काय, उद्या सर्व आत्म्यांचा दिवस असतो. खिडकीतले दोन उचलून दिले, जळते होते तसेच, त्या पदरानं झाकावं तसं हातानं वारा अडवत जिना उतरल्या.

आजी गेली त्या वर्षी माझी परीक्षा होती, जाता आलं नव्हतं. जेवणं होऊन सगळे गेल्यावर मी ताटातला दिवा परत लाल पेल्यात घातला आणि किचनच्या ओट्यावर ठेवला. दिवा विझवत नाहीत. रविवारी दुपारपर्यंत जळत होता.

शनिवारी, पाडव्याला, पप्पांचा फोन. पाय दुखालेत म्हणाले, सायकलची चेन दोनदा पडली, पुढच्या वर्षी नवीन घालायला पाहिजे. मग म्हणाले, "फोटो बघितला. काळा-पांढरा केलीस."

"हां."

"चांगलं केलीस." थोडा वेळ थांबले. "तिथं काय, चालू होतं सगळं?"

"नाही पप्पा. बंद होतं. दुकानं, गाणी, सगळं बंद."

"कडकडीत?"

"कडकडीत."

"ऐकलीस काय गं," पप्पा तिकडं आईला सांगत होते, "जर्मनीत एक तारखेला कडकडीत बंद." आईनं फोन ओढून घेतला, तेल लावलंस काय, उटणं पाठवलेलं संपलं काय, आणि केक कसला होता?

"मँगो," मी म्हणलं.

"नुसता मँगो?"

"नुसता मँगो."

समोर धारवाड कुंदा खात बसली होती, तिला ठसका लागला.